जेम्स बाँडचा 'एम' आणि मुंबईचं नाविक बंड: ॲडमिरल गॉडफ्रे नेमका कोण होता?

प्रश्न असा आहे: '१९४६ च्या नाविक बंडात रेडिओवरून धमकी देणारा ॲडमिरल गॉडफ्रे आणि जेम्स बाँडच्या गोष्टींतला त्याचा साहेब 'एम' ज्याच्यावरून बेतला असं म्हणतात तो गॉडफ्रे, हे दोघं एकच का? एकच असतील तर हेरखात्याच्या एवढ्या मोठ्या प्रमुखाला आपल्याच बराकीत काय शिजतंय ते कळलं कसं नाही?'

हो, एकच. जॉन हेन्री गॉडफ्रे, जन्म १० जुलै १८८८, बर्मिंगहॅम, मृत्यू १९७०. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. दुसऱ्याला वेळ लागेल. आपल्याकडे बंडावर लिहिताना गॉडफ्रे दोन ओळींत उरकतो: आला, धमकी दिली, गेला. इंग्लंडात नेमकं उलट. तिथे लंडनमधल्या त्याच्या चार वर्षांवर भरभरून लिहितात आणि मुंबई एका परिच्छेदात आटोपतात. हे दोन तुकडे शेजारी ठेवले की तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागतं. मी नौदलाच्या सिग्नल शाखेत नोकरी केली, निवृत्तीनंतर तरुण अधिकाऱ्यांना नौदलाचा इतिहास शिकवतो. त्यामुळे माझं बघणं थोडं सिग्नलवाल्याचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवातीची वर्षं भराभर घेऊ. १९०३ साली तो 'ब्रिटानिया'वर कॅडेट म्हणून दाखल झाला आणि पुढे नॅव्हिगेशन शाखेत गेला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या काळच्या ब्रिटिश नौदलात रुबाब तोफखान्यावाल्यांचा. नॅव्हिगेटर म्हणजे नकाशा, घड्याळ, भरती-ओहोटीची कोष्टकं यांत डोकं घालून बसलेला माणूस. त्याची चूक लपत नाही, जहाज सरळ खडकावर चढतं. त्यामुळे प्रत्येक आकड्याची खातरजमा करायची आणि 'साधारण असं असेल' म्हणणाऱ्यावर डोळे वटारायचे, ही सवय हाडात मुरते. गॉडफ्रेच्या बाबतीत ती जरा जास्तच मुरली होती.

एप्रिल १९१५ मध्ये तो 'युरियालस' या क्रूझरवर तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत होता. याच जहाजाने लँकेशायर फ्युझिलियर्स पलटण 'डब्ल्यू' किनाऱ्यावर उतरवली. काटेरी तारा आणि मशीनगन यांच्यात माणसं कापली गेली. त्या एका सकाळच्या लढाईसाठी पलटणीला ६ व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, यावरून काय झालं असेल त्याची कल्पना करा. त्या मोहिमेतले नकाशे अगदीच तोकडे होते. किनारा किती उताराचा, वाळू कुठे संपते, वरच्या टेकडीवर काय आहे, याची नीट माहिती नसताना सैन्य उतरवलं गेलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात परक्या किनाऱ्यांची माहिती गोळा करण्याचा जो ध्यास त्याने घेतला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

युद्धाच्या उत्तरार्धात तो भूमध्य समुद्रातल्या ताफ्याच्या मुख्यालयात होता. १९२८ मध्ये कॅप्टन, मग ग्रीनिचच्या स्टाफ कॉलेजात, मग चीनच्या समुद्रात क्रूझरवर, मग लंडनला योजना विभागात. १९३६ पासून 'रिपल्स' या बॅटलक्रूझरचा कॅप्टन. स्पेनमधलं यादवी युद्ध पेटल्यावर याच जहाजाने व्हॅलेन्सिया आणि पाल्मा इथून सुमारे ५०० निर्वासित मार्सेलला पोचवले. १९३८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये अरबांचं बंड चालू असताना 'रिपल्स' हैफाला पाठवली गेली. हीच ती 'रिपल्स', जी १० डिसेंबर १९४१ ला मलायाजवळ जपानी विमानांनी बुडवली. तोवर गॉडफ्रे तिच्यावरून उतरून बराच काळ झाला होता.

१९३९ च्या आरंभी तो नौदल गुप्तवार्ता विभागाचा संचालक झाला, आणि इथून त्याचं खरं काम सुरू होतं.

ब्रिटिश नौदलात या खुर्चीला एक जुनी सावली होती. पहिल्या महायुद्धात तिच्यावर रेजिनाल्ड हॉल होता. जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणारी 'खोली क्रमांक ४०' त्याच्या हाताखाली चालायची आणि १९१७ ची झिमरमान तार, म्हणजे जर्मनीने मेक्सिकोला युतीसाठी पाठवलेला गुप्त संदेश, त्यानेच अमेरिकनांच्या हाती पोचवली. नंतरच्या वीस वर्षांत मात्र या विभागाची रया गेली होती. गॉडफ्रेने थेट म्हाताऱ्या हॉललाच गाठलं आणि त्याच्याकडून धडे घेतले. हॉलनेही हातचं न राखता ओळखी करून दिल्या, सल्ले दिले. नव्या साहेबाने आधीच्या गाजलेल्या साहेबाकडे शिकायला जाणं कुठल्याही सरकारी खात्यात किती दुर्मीळ असतं ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

हॉलची एक युक्ती त्याने उचलली: खात्यात फक्त नौदलातली माणसं भरायची नाहीत. बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन याच्या शिफारशीवरून त्याने एक शेअर दलाल घेतला. आधी रॉयटर्समध्ये बातमीदारी केलेला, देखणा, बोलघेवडा, दलालीत फारसं लक्ष नसलेला. नाव इयन फ्लेमिंग, पुढे जेम्स बाँडच्या गोष्टी लिहिणारा. व्हाइटहॉल या लंडनच्या सरकारी कचेऱ्यांच्या भागात, ॲडमिरल्टीच्या म्हणजे नौदल मुख्यालयाच्या इमारतीत 'खोली क्रमांक ३९' मध्ये फ्लेमिंग बसायचा आणि पलीकडच्या खोलीत गॉडफ्रे. वकील, पत्रकार, प्राध्यापक, कादंबरीकार अशी सगळी मंडळी त्या खोलीत कोंबलेली. फ्लेमिंगचं मोठं काम म्हणजे साहेब आणि बाकीचं व्हाइटहॉल यांच्यामध्ये उभं राहणं. गॉडफ्रेची जीभ धारदार होती, आणि त्याने दुखावलेल्यांची समजूत घालायला फ्लेमिंगसारखा गोड बोलणारा माणूस लागत होता.

गॉडफ्रेच्या खात्याने केलेल्या कामांतली दोन-तीनच सांगतो, पण नीट सांगतो.

पहिलं म्हणजे माहितीला दर्जा देण्याची पद्धत. खबर आली की तिला एक अक्षर आणि एक आकडा द्यायचा. अक्षर खबर देणाऱ्याच्या भरवशाचं, आकडा खबरेच्या खरेपणाचा. दोन्ही वेगळे, कारण भरवशाचा माणूसही चुकीची खबर आणतो आणि लबाड माणसाच्या हातीही कधी खरा कागद लागतो. आज कुठल्याही देशाच्या गुप्तवार्ता खात्यात ही पद्धत या ना त्या रूपात सापडेल. ती रुळवण्यात गॉडफ्रेच्या विभागाचा मोठा वाटा होता.

दुसरं म्हणजे समुद्रावरच्या घडामोडींची गुप्तवार्ता एकाच जागी आणणारं केंद्र. याचा पाया नॉर्मन डेनिंगने १९३७ मध्येच घातला होता, पण त्याला माणसं, जागा आणि वजन मिळालं गॉडफ्रेच्या काळात. पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या खोलीचा प्रमुख रॉजर विन हा पोलिओने अधू झालेला बॅरिस्टर होता, दर्यावर नोकरी न केलेला. मोठ्या टेबलावर अटलांटिकचा नकाशा, त्यावर प्रत्येक जर्मन पाणबुडीची खूण. ब्लेचली पार्कमधून फोडलेले संदेश, रेडिओच्या दिशा, विमानांनी पाहिलेलं, बुडालेल्या जहाजांचे शेवटचे कॉल, हे सगळं त्या टेबलावर एकत्र यायचं. आणि विनच्या अंदाजावर काफिल्यांचे मार्ग बदलले जायचे. ब्रिटिश नौदलासारख्या कर्मठ ठिकाणी एका बिगर-दर्यावर्दी वकिलाच्या शब्दावर जहाजं वळवू देणं याला धाडस लागतं.

तिसरं काम किनाऱ्यांचं. ऑक्सफर्डला भूरचनेची माहिती गोळा करणारा एक विभाग बसवला गेला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या भूगोलवाल्यांकडून देशादेशांवर जाडजूड माहितीग्रंथ लिहून घेतले. बीबीसीवरून लोकांना आवाहन झालं की युरोपात सुट्टीला गेला असाल तर तिथल्या समुद्रकिनाऱ्यांवर काढलेले फोटो पाठवा. लाखो फोटो आले. कुणाच्या मावशीच्या मागे दिसणारा धक्का, कुणाच्या पोराच्या वाळूच्या किल्ल्यामागचा चढ, यांवरून उतरण्याच्या जागा मोजल्या गेल्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये त्याच्या सहीने शत्रूला फसवायच्या पन्नासहून जास्त कल्पनांचं एक टिपण निघालं होतं. ते फ्लेमिंगच्या हातचं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यातली २८ वी कल्पना अशी की मृतदेहावर खोटी कागदपत्रं ठेवून तो शत्रूला सापडेल असा सोडायचा. एप्रिल १९४३ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ ती खरोखर अमलात आली आणि सिसिलीवरच्या हल्ल्याआधी जर्मन फसले. तेव्हा गॉडफ्रे दिल्लीत होता.

दिल्लीत का, ते पाहू.

गॉडफ्रेचा एक नियम होता: बातमी वाईट असली तरी ती गोड करून वर पाठवायची नाही. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात चर्चिल नौदलमंत्री होता आणि बुडवलेल्या जर्मन पाणबुड्यांचे मोठे आकडे भाषणांत सांगत होता. गॉडफ्रेच्या विभागाचे आकडे त्याहून बरेच लहान. जर्मनीने ५७ पाणबुड्यांनिशी युद्ध सुरू केलं होतं आणि १९३९ संपेपर्यंत ९ गमावल्या होत्या. म्हणजे विभागच खऱ्याच्या जवळ होता. पाणबुडीविरोधी विभागाचा संचालक टॅल्बट असाच अडून बसला, तर त्याला खुर्ची सोडावी लागली. गॉडफ्रे तेव्हा वाचला, पण त्याच्या नावापुढे खूण झाली असणार.

खरा घात झाला तो तिन्ही दलांच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीत. लष्कर आणि हवाईदलाच्या प्रतिनिधींना तो अडाणी समजतो आणि तसं वागवतो, अशी तक्रार वर गेली. तक्रारीत तथ्य होतं. बुद्धीने खालच्या वाटणाऱ्या माणसाबरोबर काम करायची त्याची तयारी नव्हती आणि ते तो लपवतही नसे. १९४२ च्या सप्टेंबरात तो व्हाइस ॲडमिरल झाला आणि त्याच सुमारास नौदलप्रमुख डडली पाउंडने त्याला विभाग सोडायला सांगितलं. बढती हातात आणि खुर्ची गेली. १९४३ च्या सुरुवातीला तो रॉयल इंडियन नेव्हीचा, म्हणजे ब्रिटिश अमलातल्या भारताच्या नौदलाचा, प्रमुख म्हणून भारतात आला. लंडनच्या नजरेने ही अडगळीतली नेमणूक होती. सर्वोत्तम मेंदू कोपऱ्यात टाकायचा असेल तर दिल्ली बरी, असा हिशेब.

पण काम अडगळीतलं नव्हतं. १९३९ मध्ये या नौदलात अधिकारी-नाविक मिळून दोन हजारही माणसं नव्हती. युद्ध संपताना ती वीस हजारांच्या बरीच पुढे गेली होती. स्लूप, माइनस्वीपर, कॉर्व्हेट, उतरणनौका, प्रशिक्षण केंद्रं, सगळं सहा वर्षांत उभं राहिलं. १९४५ च्या आरंभी ब्रह्मदेशातल्या अराकानच्या खाड्यांमध्ये 'नर्मदा' आणि 'जमुना' या जहाजांनी दिलेला तोफांचा मारा भारतीय नाविकांच्या कामगिरीत मोजला जातो. लोणावळ्याचं तांत्रिक प्रशिक्षण केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ ला सुरू झालं आणि त्याला नाव दिलं 'शिवाजी'. ब्रिटिश बादशहाच्या नौदलात, ब्रिटिश गव्हर्नरच्या हस्ते. आजही ते त्याच नावाने उभं आहे.

वाढ झाली, पण कशी झाली ते पाहा. भरती करताना दलालांनी आणि भरती अधिकाऱ्यांनी तोंडाला येईल ते कबूल केलं: पगार, बढती, युद्धानंतर नोकरी. आलेली मुलं शिकलेली होती. वायरलेस, रडार, सिग्नल, इंजिन ही कामं निरक्षर माणसाला जमतच नाहीत. वर्तमानपत्रं वाचणारी, इंग्रजी समजणारी ही पोरं. त्यांना जेवायला किडका तांदूळ आणि पाणचट डाळ, शेजारच्या गोऱ्या नाविकाच्या तुलनेत पगार कितीतरी कमी, आणि वर शिव्या. अधिकाऱ्यांपैकी बरेच युद्धापुरते घेतलेले गोरे, ज्यांना ना नाविकांची भाषा येत होती ना ती शिकायची गरज वाटत होती. भारतीय अधिकारी मोजके आणि बहुतेक कनिष्ठ. १९४२ ते १९४५ या काळात लहानमोठे उठाव झाले होते. प्रत्येक वेळी ती स्थानिक कुरकुर समजून मिटवली गेली.

या अडचणी गॉडफ्रेने तयार केल्या नव्हत्या, हे प्रामाणिकपणे मानलं पाहिजे. त्याच्या डोक्यावर लंडनची ॲडमिरल्टी नव्हे तर भारताचा सरसेनापती, म्हणजे लष्कराचा जनरल होता. पगार वाढवायचा तर भारत सरकारच्या अर्थखात्याच्या दारात जावं लागे. मुख्यालय १९४१ पासून नवी दिल्लीत, समुद्रापासून हजार किलोमीटरवर. युद्ध संपलं आणि हजारो नाविकांना घरी पाठवायची वेळ आली तेव्हा 'नोकरीचं काय' याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा. लंडनमध्ये गॉडफ्रेला शत्रूच्या बाजूने शेकडो वाटांनी माहिती मिळत होती आणि ती वेगवेगळ्या डोक्यांतून गाळून येत होती. भारतात स्वतःच्या नाविकांबद्दल माहिती येण्याची वाट एकच: नाविक, त्याचा डिव्हिजनचा अधिकारी, कमांडिंग ऑफिसर, फ्लॅग ऑफिसर, दिल्ली. आणि ही वाट नेमकी तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावरून जात होती.

कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात काय झालं ते याच चौकटीत बसतं. १ डिसेंबर १९४५ ला, नौदल दिनाच्या दिवशी, भिंतींवर 'भारत छोडो'च्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या. फेब्रुवारीत टेलिग्राफिस्ट बी. सी. दत्त यांना पकडलं. नवा कमांडिंग ऑफिसर, कमांडर किंग, ८ फेब्रुवारीला बराकीत शिरला आणि नाविकांना कुलींची, जंगल्यांची अवलाद म्हणत आईबापांवरून शिव्या दिल्या. नाविकांनी रीतसर, नियमात बसणारी लेखी तक्रार केली. ती गेली किंगकडे. किंगने तक्रारदारांना सुनावलं की खोटी तक्रार हा गंभीर गुन्हा आहे, विचार करा. १८ फेब्रुवारीच्या सकाळी 'तलवार'च्या नाविकांनी जेवण नाकारलं आणि काम थांबवलं.

जुलै १९४२ मधली उत्तर ध्रुव समुद्रातली एक घटना इथे आठवते. 'पीक्यू १७' हा काफिला रशियाकडे चालला होता आणि 'तिरपिट्झ' ही जर्मन युद्धनौका बंदराबाहेर पडली का, हा प्रश्न होता. गॉडफ्रेच्या विभागातल्या डेनिंगचं म्हणणं होतं की ती निघाली असती तर विशिष्ट संदेश ऐकू आले असते. आले नाहीत, म्हणजे निघालेली नाही. पाउंडला खात्री हवी होती, ती डेनिंग देऊ शकला नाही. काफिला विखुरला गेला आणि २४ व्यापारी जहाजं बुडाली. डेनिंगचं बरोबर होतं. त्या समुद्रात न आलेला संदेश म्हणजे माहिती होती. मुंबईतही दिल्लीपर्यंत आवाज पोचत नव्हता, पण तिथे त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा लावला गेला. डेनिंगने आधी विचारलं असतं की बोलण्याचं यंत्र चालू आहे ना? जर्मनांचं चालू होतं. आमच्या नाविकांचं बंद होतं. हा प्रश्न विचारण्याची सवय जगात ज्या थोड्यांना होती त्यांतला एक दिल्लीत बसला होता, आणि आपल्याच माणसांबाबत त्याने तो विचारला नाही. शत्रूचा अभ्यास करायचा, आपल्या माणसांवर हुकूम चालवायचा, ही त्या पिढीच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या डोक्यातली फाळणी होती. गॉडफ्रे बुद्धीने कितीही वेगळा असला तरी इथे तो त्याच पिढीचा निघाला.

त्यात बंड पेटलं ते सिग्नलवाल्यांच्या घरात. नौदलात कुठलाही संदेश नाविकाच्या हातातून गेल्याशिवाय ॲडमिरलपर्यंत पोचत नाही, तेव्हाही आणि माझ्या नोकरीतही. वायरलेसचे संच ज्यांच्या बोटाखाली, तेच संपावर. १८ ला 'तलवार', १९ ला मुंबई बंदरातली जहाजं आणि इतर केंद्रं, मग कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टण. एकूण साधारण ७८ जहाजं, २० किनारी केंद्रं आणि २०,००० नाविक. बातमी साहेबांच्या आधी नाविकांना कळत होती. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग, दोघेही सिग्नल-टेलिग्राफ शाखेतले, हा योगायोग नाही.

किंगला हलवून दुसरा अधिकारी आणला गेला, पण तोवर उशीर झाला होता. मागण्यांत आता जेवण-पगाराबरोबर आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणणं हेही आलं होतं. २१ ला कॅसल बराक्स या मुंबईतल्या नौदलाच्या बराकीत गोळीबार झाला. फाटकावर आधी मराठा पलटणीचा पहारा होता, पुढे ब्रिटिश सैनिक आणले गेले.

त्याच दिवशी गॉडफ्रे ऑल इंडिया रेडिओवरून बोलला. सार होतं: सरकारच्या हाती प्रचंड बळ आहे आणि ते पूर्ण वापरलं जाईल, मग ज्या नौदलाचा आपल्याला अभिमान आहे ते नष्ट झालं तरी चालेल. भाषणाचा मसुदा त्याच्या एकट्याचा असो वा नसो, आवाज त्याचा होता. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात वाईट चूक, आणि मी ती नीतीच्या नव्हे, धंद्याच्या नजरेने म्हणतो. ऐकणारा कोण आहे हे न पाहता दिलेला संदेश. ऐकणारे ती जहाजं रोज घासणारे, चालवणारे, त्यांच्यावर लढलेले. त्यांचं नौदल त्यांच्याच डोक्यावर फोडू म्हणणाऱ्याशी ते काय बोलणार? शिवाय रेडिओ फक्त बराकीत वाजत नव्हता, गिरणगावातही वाजत होता. २२ ला मुंबईत हरताळ झाला, गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागेत लष्कराने गोळ्या झाडल्या. परळच्या कार्यकर्त्या कमल दोंदे त्यात मारल्या गेल्या. शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. हरताळ फक्त भाषणामुळे झाला असं नाही, संप समितीने आणि कम्युनिस्ट पक्षाने हाक दिली होती. पण भाषणाने तिला जोर दिला, यात शंका नको.

२३ ला सकाळी वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून नाविकांनी शरणागती पत्करली. सूड घेतला जाणार नाही असं त्यांना सांगितलं होतं. नंतर चारशेहून जास्त जण बडतर्फ झाले. यातला किती दोष गॉडफ्रेकडे जातो, यावर आमच्या जुन्या मंडळींत अजून वाद होतात. मी म्हणतो, त्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तो शब्द पाळायला लावण्याची ताकद नव्हती, पण तसं जाहीर म्हणण्याची होती.

महिनाभर आधी, जानेवारी १९४६ मध्ये, कराचीच्या ड्रिघ रोडपासून सुरू होऊन ब्रिटिश हवाईदलाच्या गोऱ्या सैनिकांनीही काम थांबवलं होतं. त्यांना लवकर घरी जायचं होतं. त्यांच्या डोक्यावर कुणी विमानं फिरवली नाहीत. मुंबईच्या बंदरावर २२ फेब्रुवारीला फिरवली. नाविकांनी हा फरक पाहिला होता.

सरकारने न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने जेवण, पगार, वंशभेद, अधिकाऱ्यांची वागणूक, खोटी आश्वासनं, सगळं नोंदवलं. यातलं नवं काहीच नव्हतं, बराकीतल्या प्रत्येकाला ते दोन वर्षं आधीपासून माहीत होतं.

तुमच्या प्रश्नाच्या ओघात येणारे काही गैरसमज उरतात. बंडामुळे गॉडफ्रेला हाकललं असं सर्रास लिहिलं जातं. मार्च १९४६ मध्ये जेफ्री माइल्सने सूत्रं घेतली हे खरं, पण गॉडफ्रेला तेव्हा तीन वर्षं पूर्ण झाली होती आणि तो आधीच निवृत्तांच्या यादीत होता. 'सर' मात्र तो कधीच झाला नाही. त्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला युद्धानंतर सरकिताब न मिळणं ही उघड उपेक्षा होती. त्याचं कारण बंड, असं आपल्याकडे मानतात. मला वाटतं ती फाइल १९४२ मध्येच बंद झाली होती, मुंबईने तिच्यावर फक्त दोरी बांधली.

'एम'बद्दल: फ्लेमिंगने त्याच्यावरून पात्र बेतलं हे सर्वमान्य आहे, पण दुसऱ्या काही साहेबांचे रंगही त्यात मिसळले आहेत. गॉडफ्रेला स्वतःला ही प्रसिद्धी आवडली नव्हती. निवृत्तीनंतर त्याने चेल्सीतल्या रुग्णालयांच्या व्यवस्थापनाचं काम केलं आणि अनेक खंडांच्या आठवणी लिहून मोजक्या प्रतींत खासगी छापल्या.

आणि बरेच जण त्याला 'ब्रिटिश हेरखात्यातून भारतात आलेला एकमेव नौदलप्रमुख' म्हणतात, तेही चूक. १९३९ मधल्या प्लेट नदीच्या सागरी लढाईत 'अकिलीस' या क्रूझरचा कॅप्टन असलेला एडवर्ड पॅरी १९४६ ते १९४८ लंडनमध्ये त्याच गुप्तवार्ता विभागाचा संचालक होता आणि तिथून स्वतंत्र भारताच्या नौदलाचा प्रमुख होऊन दिल्लीला आला. नाविकांशी आणि भारतीय अधिकाऱ्यांशी त्याचं बरं जमलं. पहिला भारतीय प्रमुख, रामदास कटारी, यायला मात्र एप्रिल १९५८ उजाडला.